तांबड्याचा करडा: जुन्या लेन्स घेऊन कोल्हापुरात चार दिवस

मामांच्या झेनिट या जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यावरची हेलिओस ४४-२ ही लेन्स सांगलीच्या घरातल्या लोखंडी कपाटात पंचवीसेक वर्षे पडून होती. कॅमेऱ्याचे शटर केव्हाच निकामी झाले होते आणि लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीची बारीक जाळी धरली होती. ती पुण्यातल्या एका जुन्या कारागिराकडून साफ करून घेतली आणि माझ्या निकॉन झेड ६ या मिररलेस कॅमेऱ्यावर ती बसावी म्हणून एम ४२ (म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाच्या) आट्यांचा एक अडॅप्टर, लेन्स आणि कॅमेरा यांना जोडणारे कडे, मागवला. निकॉरच्या दोन जुन्या लेन्स, २८ मिलिमीटर एफ/२.८ आणि १०५ मिलिमीटर एफ/२.५, माझ्याकडे आधीपासून होत्या. डिसेंबरातल्या गुरुवार ते रविवार अशा चार दिवसांत या तीन लेन्सखेरीज दुसरी वापरायची नाही आणि कॅमेऱ्याच्या खिडकीत (व्ह्यूफाइंडरमध्ये) रंग दिसू द्यायचा नाही, असे ठरवून मी कोल्हापूरला गेलो.

कोल्हापूरच का, तर ते तांबड्या रंगाचे गाव आहे म्हणून. तालमीतली माती तांबडी, रस्सा तांबडा, मारुतीचा शेंदूर आणि अंबाबाईचे कुंकू तांबडे. कृष्णधवल छायाचित्रात या तांबड्याचा कोणता करडा होतो आणि तो कोण ठरवतो, हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस होता.

पहिला दिवस, गुरुवार

सकाळी गाडीतून उतरलो, खोलीवर पिशव्या टाकल्या आणि आधी खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ पाहायला गेलो. भर रहदारीत उभा असलेला हा स्तंभ महाराष्ट्र फिल्म कंपनी या इथल्याच मूकपटांच्या संस्थेची आठवण सांगतो. कलामहर्षी बाबुराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः घडवण्याचा ध्यास घेतला होता. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबुरावांनी ते काम सोडले नाही. दामले यांच्यासारख्या शिष्याच्या मदतीने त्यांनी कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. बाहेरून बनून आलेल्या यंत्रावर विसंबून न राहता लोखंड, पितळ आणि काच यांची जुळणी आपल्या हाताने करणारी ती माणसे होती. गळ्यातल्या कॅमेऱ्यावर एका जुन्या सोव्हिएत लेन्सची जुळणी करून तिथे उभे राहताना मला मनापासून भरून आले.

त्या काळच्या बहुतेक फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. निळा प्रकाश तिला झटकन जाणवे, हिरवा बऱ्यापैकी जाणवे आणि तांबडा जवळजवळ अंधारासारखाच असे. म्हणून तर डार्करूममध्ये तांबडा दिवा लावून काम करता येत होते. त्या फिल्मवर आकाश पांढरेफटक येई आणि ओठ व कुंकू काळे पडे.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा हेच सगळे ताटात समोर आले. तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा अशा दोन वाट्या शेजारी शेजारी होत्या. माझ्या कॅमेऱ्यात कृष्णधवल शैली निवडल्यावर पिवळा, नारिंगी, तांबडा आणि हिरवा अशा फिल्टरांचा, म्हणजे लेन्सपुढे त्या रंगाची काच धरल्यासारखा, परिणाम निवडता येतो. हिरवा परिणाम लावला, तर तांबड्या रश्शाची वाटी डांबरासारखी काळी झाली आणि वरचा तवंग मात्र चमकत राहिला. तांबडा परिणाम लावला, तर तीच वाटी इतकी उजळली की दोन्हींपैकी तांबडा रस्सा कोणता हे ओळखण्यासाठी मला ताटाकडे पाहावे लागले. ज्यांना हा विषय नवा आहे त्यांनी घरी हाच प्रयोग करून पाहावा. पुस्तकातली चार पाने वाचून जे कळत नाही ते दोन वाट्यांत कळते. रस्सा पिऊन झाला तेव्हा नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते आणि वाढपी तिसऱ्यांदा पांढरा रस्सा घेऊन उभा होता.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. कॅमेऱ्यात रॉ (कच्ची नोंद) आणि जेपेग (तयार चित्र) अशा दोन्ही फाइल ठेवाव्यात. जेपेग कृष्णधवल होते, म्हणून खिडकीतही कृष्णधवलच दिसते आणि नजर रंगाकडे न जाता उजेडाकडे जाते. रॉ फाइलमध्ये मात्र सगळे रंग शाबूत राहतात, त्यामुळे कोणता रंग किती उजळ करायचा याचा निर्णय घरी पुन्हा घेता येतो. लेन्सवर खऱ्या तांबड्या काचेचा फिल्टर लावण्याची गरज मला वाटत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्यासाठी आणि प्रत्येकी पाव बिंदू तांबड्या व निळ्यासाठी असतात. तांबडी काच लावली की पाऊण बिंदू जवळजवळ उपाशी राहतात आणि चित्रात दाणे वाढतात.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेलो. डिसेंबरातली हवा कोरडी आणि थंड होती, कणसे भाजणाऱ्यांच्या शेगड्या पेटल्या होत्या आणि पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेसच्या मागे सूर्य उतरत होता. हेलिओस लावून मी पॅलेसच्या मनोऱ्यावर फोकस धरू लागलो, पण रिंग अनंताच्या खुणेपर्यंत जाऊन टेकली तरी मनोरा धूसरच राहिला. अलीकडे कठड्यावर बसलेली माणसे मात्र स्वच्छ दिसत होती.

प्रत्येक कॅमेऱ्याच्या लेन्स टेकण्याच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. एम ४२ च्या कॅमेऱ्यांत ते ४५.४६ मिलिमीटर आहे आणि निकॉन झेडमध्ये १६ मिलिमीटर. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे जी मोकळी जागा मिळते तिच्यातच अडॅप्टर बसतो आणि म्हणूनच जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स यावर चालते. या हिशेबाने माझा अडॅप्टर २९.४६ मिलिमीटरचा हवा. तो केसभर पातळ असला तर फारसे बिघडत नाही, लेन्स अनंताच्या थोडी पलीकडे जाते एवढेच. पण केसभर जाड असला तर दूरचे काहीच लागत नाही. मी घरी फक्त खोलीतल्या वस्तूंवर फोकस तपासला होता. नवा अडॅप्टर आला की गच्चीवर जाऊन आधी दूरची टाकी किंवा डोंगर पाहावा, हे मी या संध्याकाळी शिकलो.

माझी खटपट पाहून कठड्यावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. डोक्याला मफलर, हातात काठी आणि नजर थेट लेन्सवर. ‘‘हेलिओस ना ही? रशियन,’’ ते म्हणाले. ‘‘अनंताला टेकली तरी लागत नाही म्हणता, म्हणजे तुमचं ते मधलं कडं जाड हाय बघा. लेन्सला दोष देऊ नका.’’ त्यांच्या वडिलांचा शहरात फोटो स्टुडिओ होता आणि त्यांनी स्वतः तो पुढे चाळीस वर्षे चालवला होता. त्यांनी नाव सांगितले, पण मी त्यांना पुढे चारही दिवस काकाच म्हणालो.

काका बोलू लागले आणि अंधार पडला तरी आम्ही तिथेच बसलो. त्यांच्या वडिलांच्या काळात काचेच्या प्लेटवर फोटो निघत आणि नवरीचे कुंकू काळे कुळकुळीत येई. काही बायकांना ते आवडत नसे. त्यांची समजूत घालण्यासाठी वडील फोटो काढण्यापूर्वी कुंकू पुसायला न सांगता ते थोडे बारीक करायला सांगत. ‘‘कुंकू पुसा असं म्हणायचं नाही कुणाला, हे वडिलांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं,’’ काका म्हणाले. अडॅप्टरसाठी उद्या दुपारी उद्यमनगरात या, असे सांगून ते उठले.

दुसरा दिवस, शुक्रवार

पहाटे पाचला एका जुन्या तालमीत पोहोचलो. वस्तादांची परवानगी आदल्या दिवशी एका ओळखीच्या माणसाकडून मिळवली होती, कारण अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन परस्पर शिरणे योग्य नाही. चपला बाहेर, हौद्याच्या काठापलीकडे पाऊल नाही आणि फ्लॅश नाही, या तीन अटी वस्तादांनी दारातच सांगितल्या. ‘‘फोटो काढा, पन पोरांची नजर हलली न्हाई पायजे,’’ एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आत दोन नळीदिवे होते. हौद्यातली माती नुकतीच उकरून भुसभुशीत केली होती; तिच्यात काव, हळद, ताक, तेल आणि लिंबू घालतात, त्यामुळे तिला एक आंबूस, ओलसर वास असतो आणि रंग विटेपेक्षा गडद. कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती. जोर-बैठका संपवून मुले हौद्यात उतरली आणि एकमेकांच्या अंगावर मूठमूठ माती टाकू लागली.

फोकस हाताने धरायचा, माणसे हलत असतात आणि उजेड अपुरा, अशा वेळी जुनी लेन्स कशी चालवायची हे थोडे सविस्तर सांगतो. हेलिओस ४४-२ वर छिद्राच्या (उजेड किती आत येईल ते ठरवणाऱ्या ॲपर्चरच्या) दोन रिंगा आहेत. एका रिंगेवर छिद्राची हद्द ठरवायची आणि दुसरी रिंग फिरवून लेन्स पूर्ण उघडायची किंवा त्या हद्दीपर्यंत बंद करायची. पूर्ण उघडी ठेवून फोकस धरला की तो नेमका बसतो, मग डोळा खिडकीवरून न काढता बोटाने रिंग हद्दीपर्यंत आणायची. छिद्र आधीच लहान करून फोकस धरला, तर सगळेच बरे दिसते आणि नेमके काहीच धारदार येत नाही. खिडकीत फोकसच्या कडा रंगवून दाखवण्याची सोय असते. तिचा रंग मी तांबडा ठेवला होता. कृष्णधवल दृश्यात भुवया आणि कानाच्या पाळ्या तेवढ्या तांबड्या ठिणग्यांसारख्या पेटत, आणि त्या पेटल्या की शटर दाबायचे. तालमीत बहुतेक वेळ एफ/२ (म्हणजे छिद्र पूर्ण उघडे), शटर सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४०० वर ठेवून काम केले. धावत्या पकडीमागे लेन्स फिरवत बसलो नाही. हौद्याच्या एका जागी फोकस धरून थांबलो आणि जोडी तिथे येईपर्यंत वाट पाहिली.

फिल्टरचा परिणाम हिरवा ठेवला होता. त्यामुळे त्वचा गडद झाली, खांद्यांवरचे स्नायू आणि अंगाला चिकटलेल्या मातीचा कणन् कण वेगळा दिसू लागला आणि मारुतीचा शेंदूर जवळजवळ काळा झाला. त्याच मारुतीला तांबडा परिणाम लावून पाहिला तर तो चांदीचा दिसला. माझ्या मते तालमीला हिरवाच शोभतो, कारण तिथे माणसाचे वय आणि मेहनत कातडीवर लिहिलेली असते आणि तांबडा परिणाम ती पुसून टाकतो. एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पडल्यावर उठून पाठीवरची माती न झटकता पुन्हा उभा राहिला. त्याच्या मानेवरून घामाची एक रेघ मातीतून वाट काढत खाली आली होती. तो फोटो या प्रवासातल्या माझ्या सगळ्यात आवडत्या चित्रांपैकी एक आहे. जाताना वस्तादांनी पितळी पेल्यातून थंडाई दिली आणि फोटोंच्या प्रती तालमीत लावायला पाठवा असे सांगितले.

त्यानंतर कट आणि स्लाइस ब्रेडसोबत मिसळ खाल्ली, झोप काढली आणि दुपारी तीनला उद्यमनगरात गेलो. दोन्ही बाजूंना लेथ, ड्रिल आणि ग्राइंडरचे आवाज, तेलाचा वास, दारादारांत लोखंडाच्या चुऱ्याचे ढीग. काका एका छोट्या वर्कशॉपच्या बाकावर बसून माझी वाट पाहत होते.

लेथवाल्या भाऊंनी अडॅप्टर हातात घेतला, कडा अंगठ्याने चाचपली आणि मायक्रोमीटर लावला. चार ठिकाणी मोजून त्यांनी आकडा सांगितला: २९.६१. म्हणजे ०.१५ मिलिमीटर जास्त. एवढ्याशा जाडीमुळे माझी ५८ मिलिमीटरची हेलिओस वीस-बावीस मीटरच्या पलीकडचे काहीच धरू शकत नव्हती. तालमीत सगळे जवळ असल्यामुळे ते जाणवले नव्हते. भाऊंनी लेथच्या चकाच्या (पकडीच्या) जबड्यांत पातळ पत्रा घालून अडॅप्टर पकडला, डायल लावून तो डुलत नाही याची खात्री केली आणि लेन्स जिथे टेकते त्या तोंडावर फेसिंगचे, म्हणजे तोंड सपाट तासण्याचे, दोन हलके हात मारले. ॲल्युमिनियमची केसासारखी चकचकीत साल गोल वळत खाली पडली. पुन्हा मोजले तेव्हा २९.४२ भरले.

त्याआधी त्यांनी एक गोष्ट सांगितली होती आणि ती ऐकून मी थक्क झालो. ‘‘आटा एक मिलिमीटरचा हाय. मी जेवढं काढणार तेवढी तुमची लेन्स जास्त फिरून बसणार. वरची खूण पाव फेऱ्याच्या जरा कमी डाव्या अंगाला जाईल. चालेल का?’’ खरोखरच तसे झाले. आता छिद्राची खूण वर नसून डावीकडे आहे आणि बोटांना तिची सवय लागली आहे. लेन्स लावण्याआधी अडॅप्टर रॉकेलमध्ये धुऊन, ब्रशने आटे साफ करून, हवेने फुंकून घेतला. ही पायरी कुणीही गाळू नये, कारण धातूचा एक कण सेन्सरवर गेला तर नुकसान मोठे होते. मग वर्कशॉपच्या दारात उभे राहून दूरच्या पाण्याच्या टाकीवर फोकस धरला. टाकीच्या कठड्याचे गज एकेक करून मोजता आले. पैसे विचारले तर भाऊंनी तिघांच्या चहाकडे बोट दाखवले. बाबुरावांचा कॅमेरा याच शहरात का घडू शकला, हे त्या बाकावर बसून चहा पिताना मला कळत होते.

रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या, समोर धार काढून फेसाळते दूध ग्लासात. दूध कोमट असते आणि त्याला गवताचा हलका वास येतो. १०५ ची लेन्स लावून मी फक्त धारेचे फोटो काढले: काळ्या म्हशीपुढे पांढरी रेघ. इथे कोणताही फिल्टर लावा, चित्र बदलत नाही.

तिसरा दिवस, शनिवार

आतेभावाची मोटारसायकल घेऊन सहाला निघालो. हातकणंगले, शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड असे करत खिद्रापूर कोल्हापूरपासून साधारण साठ किलोमीटर आहे. थेट एसटी मोजक्याच आहेत, त्यामुळे स्वतःचे वाहन असलेले बरे. शिरोळच्या पुढे उसाच्या फडांवर धुके होते आणि साखर कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज धुक्यातून आधी ऐकू येई आणि गाडी मागाहून दिसे.

कृष्णेच्या काठावरचे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले. गाभाऱ्यात कोपेश्वर महादेव आणि धोपेश्वर विष्णू अशी दोन लिंगे आहेत आणि समोर नंदी नाही. दक्षयज्ञात सतीने देह ठेवल्यावर महादेव कोपले आणि विष्णूने त्यांची समजूत घातली, अशी कथा सांगतात. नंदी सतीसोबत गेला म्हणून तो नदीपलीकडे यडूरला आहे. मुख्य मंदिराच्या पुढे स्वर्गमंडप उभा आहे. अठ्ठेचाळीस खांब आणि वर मध्यभागी उघडे, गोल छत. त्या गोलाच्या बरोबर खाली तेवढ्याच आकाराची गोल शिळा आहे. आठच्या सुमारास मी पोहोचलो तेव्हा उजेडाचा तिरपा पट्टा खांबांच्या वरच्या भागावर होता आणि शिळा अजून सावलीत होती.

शिळेवर पाठ टेकून २८ ची निकॉर वर रोखली. सगळा मंडप काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे दगड मुळातच बिनरंगी. फिल्टरचा परिणाम बदलत गेलो तसे एक नवल दिसले: दगड जागचा हलत नव्हता, फक्त वरचे आकाश बदलत होते. हिरव्यात ते मध्यम करडे, तांबड्यात ते शाईसारखे काळे, आणि खांब सगळ्यांत तसेच. ज्याला स्वतःचा रंग नाही त्याला कोणताही फिल्टर हलवू शकत नाही. मी तांबडा परिणाम ठेवला आणि उघड्या छताची कड काळ्या आकाशापुढे पांढऱ्या बांगडीसारखी उठून आली. अशा ठिकाणी उजेडाचे मोजमाप आकाशावर किंवा उन्हातल्या दगडावर घ्यावे. सावलीतले कोरीव काम रॉ फाइलमधून वर काढता येते, पण एकदा पांढरे फुटलेले ऊन परत मिळत नाही. जुन्या लेन्सवरचा लेप आजच्यासारखा नसतो, म्हणून ऊन थेट काचेवर आले की चित्र फिके पडते. ५२ मिलिमीटरचा रबरी हुड आणि प्रसंगी डाव्या हाताचा तळवा, दोन्ही उपयोगी पडले.

बाहेरच्या भिंतीवर तळाशी हत्तींची रांग आहे. तिथे एक आजी खराट्याने पाने झाडत होत्या. नऊवारी तांबडे लुगडे, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, कोपरापर्यंत गोंदण. फोटो काढू का, असे विचारल्यावर त्यांनी आधी खराटा हत्तीला टेकवून ठेवला, पदर नीट केला आणि मग मान हलवली. हेलिओस लावली, तालमीतला हिरवा परिणाम निवडला, एफ/२.८ वर दीड मीटरवरून चार फोटो घेतले. मागच्या चिंचेची पाने या लेन्सच्या सवयीप्रमाणे कडेकडेने गोल भोवऱ्यासारखी फिरली होती आणि मध्ये आजींचा सुरकुतलेला चेहरा स्थिर होता. मला तो फोटो फार सुंदर वाटला आणि मी आनंदाने त्यांना पडदा दाखवला.

आजींनी पदराने डोळे पुसून बराच वेळ पाहिले. ‘‘लुगडं तांबडं हाय की माझं. हितं काळं कसं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘काळं नेसत न्हाई मी, लेकरा. सवाष्ण हाय.’’

माझ्या कॅमेऱ्यात काढून झालेल्या रॉ फाइलवर तिथल्या तिथे दुसरा परिणाम देऊन नवे चित्र करता येते. मी पायरीवर बसून तांबडा परिणाम दिला. लुगडे उजळ, मऊ करडे झाले, काठ स्पष्ट झाला, चेहराही तजेलदार झाला. आजी पुन्हा वाकल्या आणि त्यांचा हात झटकन कपाळाकडे गेला. ‘‘आन् कुंकू कुठं गेलं?’’

कुंकू खरोखरच नाहीसे झाले होते. तांबड्या परिणामात तांबडे उजळते आणि त्वचाही उजळते. कपाळ आणि कुंकू एकाच करड्यात मिसळून गेले होते. मला रंकाळ्यावरचे काका आठवले आणि अंगावर काटा आला. पुसायला न सांगता मी ते पुसले होते. तिसऱ्यांदा पिवळा परिणाम दिला. लुगडे आता मधल्या करड्यात आले, काळे नाही आणि पांढरेही नाही, आणि कपाळावर कुंकवाचा गोल गडद, ठाम उमटला. आजींनी बोट पडद्याच्या अगदी जवळ नेऊन तो गोल पाहिला. ‘‘आता मी हाय,’’ त्या म्हणाल्या आणि खराटा उचलला.

त्यानंतर मी मंदिरात आणखी दोन तास होतो, पण माणसांचे फोटो फक्त पिवळ्या परिणामावर घेतले. गावातल्या एका किराणा दुकानाचा पत्ता आजींनी लिहून दिला, प्रत तिथे पाठवायची असे ठरले.

परतताना नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर थांबलो. दर्शन, घाटावर थोडी सावली आणि मग बासुंदी. इथली कवठाची बर्फीही घ्यावी. आंबटगोड असते आणि प्रवासात टिकते. घाटावर कॅमेरा फारसा काढला नाही. सकाळचे ते कपाळ डोळ्यांपुढून हलत नव्हते.

चौथा दिवस, रविवार

सकाळी काकांसोबत पन्हाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गुऱ्हाळावर गेलो. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, चुलवाणात चिपाडे पडत होती आणि गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने मळी काढत होता. रसाची मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट पाला-रस घालतात. पाक तयार झाला की नाही हे गुळव्याने थेंब पाण्यात टाकून, बोटांत गोळी वळून पाहिले.

वाफेचे लोट दारातून येणाऱ्या उन्हात उभे होते, पण आत शिरताच थंड लेन्सवर क्षणात धुके धरले. अशा वेळी काच पुसू नये, पुसली की पुन्हा धरते आणि लेपावर ओरखडे पडतात. कॅमेरा पिशवीत बंद ठेवून वीस मिनिटे तिथल्या उबेला ठेवला आणि मग बाहेर काढला. अडॅप्टरला कड्याशी रबर नसते, त्यामुळे वाफ सेन्सरपर्यंत पोहोचू शकते, म्हणून आत असताना लेन्स बदलली नाही आणि खोलीवर आल्यावर तिन्ही लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवल्या. मामांच्या लेन्सला बुरशी अशाच ओलीने धरली होती.

गुळव्याचा चेहरा वाफेआडून १०५ ने घेतला. काकांनी माझ्याकडून कॅमेरा मागून घेतला, हेलिओस लावायला सांगितली आणि खिडकीत डोळा घालून रिंग फिरवू लागले. पंधरा वर्षांनी त्यांनी कॅमेरा हातात धरला होता. छिद्र उघडे ठेवून फोकस, मग न पाहता दुसरी रिंग, मग शटर. मला जे दोन दिवस सराव करून जमले ते त्यांच्या बोटांना अजून पाठ होते. त्यांनी एकच फोटो काढला: काहिलीतून वाफ्यात (गूळ निवण्यासाठीच्या उथळ जागेत) ओतला जाणारा गूळ. गरम काकवी पानावर घेऊन आम्ही बाहेर उसाच्या ढिगाशी बसून खाल्ली.

या लेन्सवर कॅमेऱ्याला छिद्राचा आकडा कळत नाही, म्हणून फाइलमध्ये तो नोंदला जात नाही. मी खिशात छोटी वही ठेवली होती आणि प्रत्येक ठिकाणी लेन्स, छिद्र आणि फिल्टरचा परिणाम लिहीत गेलो. लेन्सचे फोकल अंतर मात्र मेनूत हाताने भरावे, नाहीतर थरथर रोखणारी यंत्रणा चुकीच्या हिशेबाने चालते. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत लेन्स नसतानाही शटर चालावे असा पर्याय आधी चालू करावा लागतो. तो न केल्यास कॅमेरा हलत नाही आणि माणूस अडॅप्टरला दोष देतो.

पुण्याला परतल्यावर आठवड्याभराने प्रती छापल्या. तालमीच्या प्रती हिरव्या परिणामाच्या, मंडपाच्या तांबड्या, आजींची पिवळ्या. आजींची प्रत आठ बाय दहा इंचाची केली आणि कुंकवाचा गोल कागदावर नेमका किती गडद यावा यासाठी तीन पट्ट्या छापून पाहिल्या. तिन्ही पट्ट्या काकांना दाखवायच्या म्हणून त्यांच्या पत्त्यावर पाठवल्या. त्यांचा फोन आला: ‘‘मधली. पण कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर कपाळ उजेडात धरलं की कुंकू दिसत नाही.’’ मॅट कागदावरची प्रत काल खिद्रापूरच्या दुकानाच्या पत्त्यावर टपालाने गेली.